आडवी फांदी

"ही फांदी कशाला टाकलीस गं वाटेवर?" मृदुला मॅडमनी विचारलं.

मी नुकतीच भोकराची एक डहाळी मोडून डावीकडच्या वाटेवर आडवी ठेवली होती. पानांवर दहिवर होतं. माझा हात मनगटापर्यंत ओला झाला होता.

"मागून आत्याबाई येणारेत ना, त्यांच्यासाठी. वाटा फुटतात तिथं पुढच्यानं थांबायचं आणि ज्या वाटेनं जायचं नाही तिच्यावर हिरवी फांदी टाकायची. मागच्यानं ती बघून दुसरी वाट धरायची."

"आणि पुढचा कधी गेला ते कसं कळणार?"

"पानं बघायची. टवटवीत असली तर आत्ताच गेला. माना टाकल्या असतील तर गेला त्याला वेळ झाला."

"आणि फांदीच नसली तर?"

"तर पुढचा अजून आलेलाच नाही. मग बसायचं वाट बघत."

"आमच्या शाळेत आणायला पाहिजे ही पद्धत," मागून उज्ज्वला मॅडम म्हणाल्या. "हेडसरांच्या दारावर कायमची एक फांदी."

पाचही जणी हसल्या. मीही हसले, पण लक्ष घड्याळाकडे होतं. साडेसात वाजले होते. माझ्या लेकीला, अन्वीला पाजून निघाले त्याला अर्धा तास झाला होता.

त्या सांगलीच्या एका शाळेतल्या शिक्षिका. दिवाळीच्या सुट्टीत आमच्या हेदमाळला मुक्कामाला आल्या होत्या आणि आता घाट उतरून तळसुऱ्याला जायच्या होत्या. बाळंतपणानंतरची माझी ही पहिली खेप. माहेरी असताना अकरावीपासून मी वडिलांबरोबर लोकांना डोंगर दाखवत होते. लग्न करून हेदमाळला आले तर तिथं हे काम माझे थोरले दीर, बबन भावजी बघायचे. माझे मिस्टर पुण्यात गाडी चालवायचे, त्यांचं म्हणणं, भाऊ म्हणतील तसं. भावजी म्हणाले, "एक खेप कर. नीट पार पडली तर पुढच्या तुझ्या. न्हाईतर पुन्यांदा विषय काढायचा न्हाई."

घरात मी सून होते, आई होते. वाटेवर मात्र माणसं माझ्या पावलावर पाऊल टाकून चालायची. मला ते परत हवं होतं.

अडचण एकच. अन्वी आठ महिन्यांची, अंगावर पिणारी. तांदळाची पेज चार घोट घ्यायची आणि मग वाटी भिरकावायची. म्हणून असं ठरलं की मी पुढं निघायचं, तासाभरानं आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, अन्वीला झोळीत बांधून त्याच वाटेनं यायचं. भावजी गाडी घेऊन रस्त्यानं वळसा मारून तळसुऱ्याला येणार. तिथं नणंदेचं घर. दुपारी बाराला मी लेकीला पाजायला बसणार. घाटात फोन लागत नाही, म्हणून वाटेवर फांद्यांवरच भिस्त.

आत्याबाईंना हे सगळं पसंत नव्हतं. निघताना त्या एवढंच म्हणाल्या, "तुला डोंगर सुटत न्हाई आन हिला तू. मधी मी मरतीय."

सड्यावर, कातळाच्या मोकळ्या पठारावर आलो तेव्हा ऊन नुकतं पडलं होतं. गवत कंबरेएवढं, पिकून तांबूस झालेलं, वाऱ्यानं एका बाजूनं निजायचं आणि दुसऱ्या बाजूनं उठायचं. सोनकी बहुतेक सुकली होती, कातळाच्या भेगांत कुठं कुठं पिवळी टिकून होती. पुढं जमीन संपत होती आणि खाली सगळं खोरं धुक्यानं भरलेलं होतं. सुळक्यांची टोकं तेवढी वर. खालून झऱ्याचा आवाज यायचा, झरा दिसायचा नाही.

"काय गं बाई हे!" उज्ज्वला मॅडम म्हणाल्या. "दूध ओतल्यासारखं दिसतंय."

दुधाचं नाव निघालं आणि माझा ऊर ठणकला. हसू का रडू कळेना.

"गिधाडकडा इथूनच ना?" मृदुला मॅडमनी विचारलं. "सकाळी चहाला तू म्हणालीस, बघू म्हणून."

सकाळी मी तसं म्हणाले होते. आत्याबाई चुलीपुढंच होत्या. पण कड्यापर्यंत जायला अर्धा तास, यायला अर्धा, शिवाय फोटो.

"आज नको, मॅडम. धुक्यात काही दिसायचं नाही."

मृदुला मॅडमनी माझ्या तोंडाकडं पाहिलं. पस्तिशीच्या असतील. बारीक अंगाच्या, चालताना सगळ्यांत शेवटी राहणाऱ्या, कुणी मागं पडू नये म्हणून. "बरं," म्हणाल्या. "तुझं बाळ वाट बघत असेल."

खिंडीत पोचायला साडेआठ झाले. तिथून उतरायला दोन वाटा. एक नाळेची, म्हणजे कड्यातल्या अरुंद घळीतून सरळ खाली कोसळणारी, जवळची. दुसरी बैलवाट, पूर्वी लमाणांचे बैल जायचे ती, वळसे घेत जाणारी, लांब पण सुखाची. कुठली धरायची ते खिंडीत उभं राहून नाळेत डोकावल्यावरच ठरतं. नाळेतले दगड ओले चमकत होते, वरून बारीक पाणी झरत होतं.

"बैलवाटेनं," मी म्हणाले.

"ते झाड कसलं?" कुणीतरी विचारलं.

"ऐन."

"आणि ही शीळ कोण घालतंय? माणूस आहे का पाखरू?"

"कस्तूर आहे. माणसासारखाच गातो."

त्याच वेळी पान्हा फुटला. आवरायला काही वेळच मिळाला नाही, समोरून कुर्ता दोन्हीकडं भिजला. मी ओढणी पुढं ओढली, पाठ फिरवली आणि "चला, चला, ऊन चढायच्या आत," असं म्हणत बैलवाटेला लागले. पाचही जणी मागून आल्या. लाजेनं कान गरम झाले होते. पहिल्या वळणापर्यंत मी मागं वळून पाहिलं नाही.

उतरताना जंगल दाट झालं. अंजनीच्या काळपट पानांतून उन्हाच्या चकत्या वाटेवर पडलेल्या. हिरड्याखाली फळांचा सडा. एका वळणावर सुकलेली काटेरी फांदी वाटेत पडली होती. मृदुला मॅडमनी ती दोन बोटांनी उचलून कडेला टाकली. "मागून आजी येतील बाळाला घेऊन, पायात यायला नको," म्हणाल्या.

तळसुऱ्याला पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. नणंदेच्या घरासमोर, नदीकाठच्या आंब्याखाली भावजींची गाडी उभी होती. भावजींनी पाचही जणींना नीट बघून घेतलं, कुणी लंगडतंय का, कुणी रुसलंय का.

"झकास आणलंय हो तुमच्या भावजयीनं," उज्ज्वला मॅडम म्हणाल्या. भावजी मिशीत हसले. मला वाटलं, झालं, जिंकले मी.

बारा वाजले. नणंदेनं जेवायची पानं मांडली. साडेबारा झाले. मी अंगणात आणि रस्त्यावर येरझाऱ्या घालत होते. आत्याबाई माझ्यापेक्षा भराभर चालणाऱ्या. पाठीवर जळणाची मोळी घेऊन त्या घाट चढायच्या, तिथं झोळीतलं पोर ते काय.

"वैजू," भावजींनी हाक मारली. "खिंडीत फांदी टाकली हुतीस ना?"

"टाकली होती."

मी लगेच म्हणाले. विचारसुद्धा केला नाही.

"नाळंवर?"

"हो, नाळेवर."

"मग आई गेली कुठं?"

मग उज्ज्वला मॅडम हळूच म्हणाल्या, "मृदुला, अगं... तू एक फांदी उचलली होतीस ना मघाशी?"

मृदुला मॅडमच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो त्यांनी खाली ठेवला. "ती... ती वाळलेली होती. काट्याची. ती नव्हती ना गं वैजयंता ती? ती खिंडीत नव्हती ना?"

त्या माझ्याकडं बघत होत्या. ती फांदी खिंडीच्या कितीतरी खाली होती, वाळलेली होती, आणि हे मला पक्कं ठाऊक होतं. भावजीही माझ्याकडंच बघत होते.

"नक्की कुठं होती ते मला आठवत नाही," मी म्हणाले.

"देवा," मृदुला मॅडम म्हणाल्या आणि पायरीवर बसल्या. "त्या बाळाला घेऊन त्या घळीत उतरल्या असतील?"

भावजींनी चपला काढून बूट चढवले. "वाट बघून आई जवळच्या वाटंनं उतरली आसंल तर, मी खालनं नाळंत शिरतो. वैजू, तू बैलवाटंनं वर जा."

"मी येते हिच्याबरोबर," मृदुला मॅडम उठल्या.

"तुमी आता काय करू नका, मॅडम," भावजी म्हणाले. "केलंय तेवढं बास."

मी ते ऐकलं आणि चालू लागले.

ती चढण मी पळतच चढले. पहिल्या टप्प्यावर दम लागला म्हणून नव्हे, छाती दगडासारखी झाली होती म्हणून थांबले. झाडाला टेकून थोडं दूध पिळून टाकलं. ते पाचोळ्यावर पडलं, लगेच मुंग्या आल्या. मी तोंडाशी हात धरून कुकारा घातला, "कूऽऽऽ". आमच्याकडं रानात नावानं हाक मारत नाहीत, अशीच लांब हाळी देतात. समोरच्या कड्यावरून माझीच हाळी परत आली. दुसरी कुणाची आली नाही.

चढता चढता मी आठवत होते. भोकराची डहाळी आठवली, तिचं दहिवर मनगटावर आठवलं. खिंडीतली आठवेना. कुठल्या झाडाची मोडली? जांभळीची असेल. खिंडीत हाताशी जांभळीच आहेत. कुठल्या हातानं टाकली? कुणी काय म्हणालं तेव्हा? ऐन आठवला, कस्तूर आठवला, भिजलेला कुर्ता आठवला. पुढं एकदम वळणच आठवायचं. टाकली असेल, मी म्हणत होते. हात आपोआप टाकतो. लहानपणापासून टाकतोय.

सकाळचं ते खोरं आता अगदी स्वच्छ झालं होतं. धुकं जाऊन प्रत्येक झाड वेगळं दिसत होतं, नदीची रेघ दिसत होती, नाळेच्या तोंडाशी चढणारा भावजींचा पांढरा सदरा ठिपक्याएवढा दिसत होता. इतकं सुंदर, की बघवेना. त्यात कुठंतरी माझी लेक होती आणि ते जराही लपवल्यासारखं दिसत नव्हतं.

खिंडीत पोचले तेव्हा दोन वाजून गेले होते. दोन्ही वाटांची तोंडं मोकळी होती. मी खाली वाकून पाचोळा चाळला. मग जांभळी बघितल्या, एकेक फांदी. हिरवी डहाळी मोडली की खोडाशी पांढरी मोड राहते, दुसऱ्या दिवशीपर्यंत ओली असते. भोवतीच्या सगळ्या झाडांना हात लावून पाहिला. एकाही फांदीला ताजी मोड नव्हती.

मी तिथंच उभी राहिले. नाळेत वाकून ओरडले. पाणी झरत होतं तेवढंच.

मग मागून, सड्याच्या बाजूनं, अगदी बसलेल्या घशाची हाळी आली. कू. लांबसुद्धा नव्हती, तुटकी.

मी गवतातून धावत सुटले. आत्याबाई गिधाडकड्याकडून येत होत्या. पदर डोक्यावरून उडालेला, नऊवारीला कुसळं चिकटलेली, पुढं झोळीत अन्वी. अन्वीचा रडून आवाज गेला होता. मला बघून तिनं नुसतं तोंड उघडलं.

"कुठं मेली हुतीस?" आत्याबाई ओरडल्या. "कुठं मेली हुतीस गं सटवे?"

मी अन्वीला घेतलं आणि गवतात बसले. ती लुचायला लागली तशी मला इतकं दुखलं की डोळ्यांतून पाणी आलं. आत्याबाई शेजारी मटकन बसल्या.

"खिंडीत आले तर फांदी न्हाई," त्या म्हणाल्या. "म्हनलं, अजून मागंच हायत. त्या बाया सकाळी कडा कडा करीत हुत्या, तिकडं गेल्या असतील. बसले. येळ झाला तरी कुनी येईना. मग म्हनलं, धुकं हाय, कुनाचा पाय गेला का काय. कड्यावर गेले. वाकून वाकून हाका घातल्या. खाली एक तांबडं दिसलं..." त्या थांबल्या. "तुझी वढनी तांबडी. तास दीड तास मी ते तांबडं बघत बसले. मग ऊन आलं तवा कळलं, पालवी हाय झुडपाची."

मी त्यांना शोधत होते हे मला माहीत होतं. त्या मला शोधत असतील हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

"गावात जाऊन सांगायचं ना, आत्याबाई."

"कुनाला? म्हाताऱ्यान्ला? आन तुला तिथं टाकून जाऊ?" त्यांनी अन्वीच्या केसातलं कुसळ काढलं. "हिला पेज दिली सगळी. वाटी न्हाई भिरकावली आज. भूक शिकिवती."

अन्वी दुसऱ्या बाजूला लागली. गवतातून वारा जात होता.

"फांदी मी टाकली नव्हती," मी म्हणाले.

"ते कळलं मला."

"खाली सांगितलं, टाकली होती म्हणून. त्यातल्या एका बाईंनी वाटेतली एक वाळकी फांदी उचलली होती. सगळ्यांना वाटलं, तीच. मी वाटू दिलं."

आत्याबाईंनी माझ्याकडं वळून पाहिलं. मला वाटलं, आता मारतील.

"त्या बाईला काय वाटत आसंल आता?"

मी अन्वीच्या झबल्याची कुसळं काढत राहिले.

"मी काय बोलनार न्हाई," त्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. "बबन्याला तू सांग, न्हाईतर नको सांगू. मला इचारलं तर म्हनंन, म्हातारी हाय, दिसलं न्हाई. घरातलं घरात ऱ्हाईल. पर ती बाई घरातली न्हाई."

उतरताना झोळी मी घेतली. अन्वी झोपली होती, तिच्या तोंडाच्या कोपऱ्यात दूध होतं. सगळा उतार मी वाक्यं जुळवत होते. चुकून झालं. घाईत राहिलं. पोरीसाठी जीव तुटत होता म्हणून. प्रत्येक वाक्याच्या शेवटी नाळेच्या तोंडाशी चढणारा तो पांढरा सदरा दिसायचा.

आंब्याखाली सगळे वाट बघत होते. भावजी अर्ध्या नाळेपर्यंत जाऊन, हाका घालून परतले होते. उतरताना पाय निसटून त्यांचा गुडघा सोलवटला होता, नणंद त्यावर हळद दाबत होती. बाकीच्या चौघी रस्त्यापर्यंत पुढं आल्या. मृदुला मॅडम त्याच पायरीवर होत्या. आम्हाला बघून त्या उठल्या, चार पावलं आल्या आणि आत्याबाईंपुढं हात जोडून उभ्या राहिल्या. डोळे सुजलेले, ओठ कोरडे. उज्ज्वला मॅडमनी नंतर सांगितलं, तिनं पाण्याचा घोटसुद्धा घेतला नव्हता.

"आजी, माझ्यामुळं झालं. मला माहीत नव्हतं हो. मी ती फांदी..."

आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलंही नाही. समोरच्या नदीकडं बघत राहिल्या.

"मॅडम, तुम्ही उचललेली फांदी ती नव्हतीच," मी म्हणाले. जुळवलेलं एकही वाक्य आठवलं नाही. "खिंडीत फांदी नव्हती. मी टाकायची विसरले होते. आणि भावजींनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले."

नणंदेचा हळदीचा हात तसाच राहिला. भावजी उठले, लंगडत माझ्यापुढं आले.

"त्या नाळंत माझा पाय गेला आसता तर?"

"हो."

"हो काय?"

"माझ्यामुळं गेला असता."

"बास," ते म्हणाले. "संपलं. पुढच्या खेपा बंद."

"का बंद?" आत्याबाई म्हणाल्या.

"आई, तू मधी बोलू नको. पोरीला घिऊन दिवसभर रानात बसलीस तू."

"मी बसले न्हवं? मग मीच बोलनार. फांदी इसरली, माझ्याकडनं बी इसरलीय एकदा, तुझा बाप रातभर डोंगरात ऱ्हायला हुता. खोटं तसंच ठिवलं आसतं तर मीच हिला उंबऱ्याभाईर पडू दिलं नसतं. आता ऐतवारी बारा मानसं यायचीत. त्यांना काय तू न्हेनार, त्या गुडघ्यावर?"

भावजी पुटपुटत गाडीकडं गेले. पण "नाही" म्हणाले नाहीत. त्या रविवारी मी बारा माणसं उतरवली, त्यानंतर आजपर्यंत किती ते आता आठवत नाही. अन्वी आता दुसरीत आहे आणि खिंडीपर्यंत माझ्या पुढं पळते.

मृदुला मॅडम तिथंच उभ्या होत्या. मला वाटलं, त्यांना हायसं वाटेल. त्या म्हणतील, जाऊ दे, होतं असं, तूही किती दमली असशील. सकाळपासून त्याच तेवढ्या माझ्याशी मायेनं बोलत होत्या.

"मी इथं बसले होते," त्या अगदी हळू म्हणाल्या, "आणि डोळ्यांपुढं मला ते बाळ त्या घळीत दिसत होतं. पाच तास. तू बघितलंस माझ्याकडं, आणि वर निघून गेलीस."

"मॅडम, मी..."

"नको. काही नको बोलूस."

त्या पुढं आल्या आणि झोळीकडं हात केले. मी अन्वीला त्यांच्याकडं दिलं. ती झोपेतच होती. मॅडमनी तिची पावलं एकेक करून हातात घेतली, बोटं चाचपली, टाळूवर हात ठेवून थोडा वेळ उभ्या राहिल्या. भावजींनी गाडी सुरू केली. उज्ज्वला मॅडमनी मृदुला मॅडमना हाक मारली.

मी हात पुढं केले. मॅडमनी माझ्या हातांकडं पाहिलं, मग दोन पावलं पलीकडं जाऊन अन्वीला आत्याबाईंच्या हातात दिलं आणि गाडीत जाऊन बसल्या.